येऊ का गं मी?

या, असे पुढे येऊन बसा. मागे खांबाला टेकून ऐकाल तर निम्मं पंख्याच्या घरघरीत जाईल. बुक्का लावून घ्या, पाय मोकळे सोडा, शेजारच्याला जरा जागा द्या. आज तुम्हाला गप्प बसायला शिकलेल्या एका कीर्तनकाराची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. मी जन्मभर कीर्तनं ऐकत आलोय आणि बुवांना गप्प बसवणं देवालाही अवघड जातं हे मला पक्कं ठाऊक आहे. गोष्ट पुढच्या काळातली आहे, पण फार पुढची नाही. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना तेव्हाही एकमेकींना भेटत असतील, माणसं तेव्हाही आजारी पडत असतील, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलावं हे तेव्हाही कुणाला नीटसं कळत नसेल.

तर मंदारबुवा औंधकर. पन्नाशी उलटलेली, अंगकाठी उभट, बोलण्यात सातारकडचा ठसका. ऐन तारुण्यापासून गावोगाव कीर्तनं केलेली. बुवा उत्तररंगात शिरले, म्हणजे कथेला हात घातला, की बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना लागायचे. मग घशात गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, पण वरचा सा गेला तो गेलाच. त्या काळात यावरही उपाय होता. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्र माणसाचा आवाज पुन्हा घडवायचं. बुवांनी नुसते ओठ हलवायचे, ऐकू यायचा तो तरणेपणीचा आवाज. एका जत्रेत बुवांनी तसं कीर्तन करून पाहिलं. रंगलं छान. आरतीनंतर लोक वाकून नमस्कार करू लागले तेव्हा मात्र बुवांना वाटलं, हे नक्की कुणाच्या पाया पडतायत? घरी येऊन त्यांनी झांजा फडक्यात बांधल्या आणि बायकोला सांगितलं की आता उरलेल्या आवाजात जे जमेल तेच करायचं.

उरलेल्या आवाजात बोलता येत होतं. ज्याच्यात देवळात यायची ताकद उरलेली नाही त्याच्यापाशी आपण जाऊन बसावं, असं बुवांच्या मनाने घेतलं आणि ते ‘सोबती’ व्हायला गेले. नदीकाठच्या एका मोठ्या रुग्णालयात हे शिक्षण चाले. डॉक्टरांनी देह सांभाळायचा, परिचारिकांनी औषधपाणी, आणि माणसाच्या आत जे हललेलं असतं, श्रद्धा म्हणा, भीती म्हणा, देवावरचा राग म्हणा, त्याच्याजवळ सोबत्याने बसायचं. रुग्ण कुठल्या धर्माचा आहे, देव मानतो की नाही, हे सोबत्याने पाहायचं नाही.

शिकवायला होत्या रेहाना मुजावर. दर्ग्याची दिवाबत्ती सांभाळणाऱ्या घराण्यातल्या, बारीक चणीच्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला बसल्या जागी सरळ करणाऱ्या. सगळे त्यांना मुजावरबाई म्हणत. पहिल्याच आठवड्यात बुवा एका म्हाताऱ्या गुळव्यापाऱ्याच्या खाटेशी बसले, त्याला भक्ताच्या धीराचा एक सुंदर दृष्टान्त ऐकवला, आणि दृष्टान्त संपेपर्यंत तो शांत झोपी गेला. बुवा खुशीत बाहेर आले. मुजावरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्या माणसाने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा बुवा पुढच्या वाक्यावर गेले होते. "तुम्ही श्रोता शोधताय बुवा. त्याला श्रोता हवा होता." बुवांना ते लागलं. पण पळून जायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी ते त्याच खाटेशी जाऊन बसले आणि जीभ टाळूला लावून ठेवली.

आता त्या रुग्णालयातल्या यंत्राबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. त्याचं नाव होतं ‘निवांत’. गळ्याखालच्या हाडापाशी नखाएवढी पट्टी चिकटवायची. आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं टिकटिकतं असं आपण समजतो, पण निरोगी, शांत माणसाचं तसं नसतं. श्वास आत घेताना ठोके किंचित लवकर पडतात, सोडताना किंचित सावकाश. मुरलेला गवई ताल न सोडता लयीशी खेळतो ना, तसं. माणूस भेदरला, तळमळू लागला, की हा खेळ थांबतो आणि ठोके खरोखरच घड्याळासारखे पडू लागतात. पट्टी ते टिपायची. जोडीला त्वचेचा ओलावा, आवाजातला कंप. या सगळ्याचा मिळून एक आकडा यायचा, त्याला म्हणायचे तळमळांक. शंभराच्या जवळ गेला तर माणूस होरपळतोय, विसाच्या खाली आला तर निवांत.

इथवर ठीक होतं. पण यंत्राचं दुसरं अंगही होतं. रुग्णाच्या जिवलगाचा आवाज मुद्रित करून घ्यायचा आणि उशाशी भिंतीत बसवलेल्या जाळीतून यंत्राने त्या आवाजात बोलायचं. काय बोलायचं हे यंत्र स्वतःच शिकायचं. एक वाक्य बोलून बघायचं, आकडा उतरला तर ते लक्षात ठेवायचं, चढला तर टाकून द्यायचं. त्या वाक्याचा अर्थ काय, याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. रडणाऱ्या बाळाला का रडतंय ते न विचारता कुणी नुसता पाळणा हलवत राहावा, तसा प्रकार. आणि आवाजानेही आकडा उतरला नाही, एका मर्यादेच्या वर गेला, तर सलाईनमधून गुंगीचं औषध आपोआप सुटायचं. दुखणं कमी करायचं औषध निराळं, ते चालूच असायचं. हे होतं फक्त झोपवायला.

आणि खरं सांगायचं तर त्या यंत्राने पुष्कळांचे हाल वाचवले. एरवी जी माणसं भिंतीवर डोकं आपटत गेली असती, ती हात उशाला घेऊन गेली. म्हणूनच तर सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. सोबत्यांची परीक्षासुद्धा त्याच आकड्यावर ठरायची. तुम्ही बसल्यावर आकडा किती उतरला, तेवढे तुमचे गुण.

पुष्पलताबाई थोरात बुवांच्या वाट्याला आल्या त्या वेळी आजार पार पोटात पसरलेला होता आणि डॉक्टरांनी उपचार थांबवून आराम तेवढा चालू ठेवला होता. बाईंनी उभी हयात एस.टी.त कंडक्टरकी केली होती. बुवांची ओळख करून दिल्यावर त्यांनी यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पुढे सरका, पुढे सरका, असं माणसांना सांगायचा हक्क दोघांनाच. कीर्तनकाराला आणि कंडक्टरला. पण माझी गाडी निघायची, तुमची तिथंच." बुवा इतके हसले की बाहेरची परिचारिका डोकावून गेली. त्या दिवसापासून ते त्यांना पुष्पाताई म्हणू लागले. कीर्तन मात्र ऐकवू नका, अशी त्यांची अट होती. सगळ्या बुवांना आपण बसमध्ये शेंगा खाताना पाहिलंय, आता भक्तिभाव यायचा नाही, म्हणाल्या.

पुष्पाताईंना नवरा नव्हता, तो लेक लहान असतानाच गेलेला. एकुलती एक लेक केतकी, तिशीतली, दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. रोज संध्याकाळी यायची. पण आत यायची नाही. काचेच्या पलीकडे बाकावर बसायची आणि हातातल्या पडद्यावर आईचा आकडा बघत राहायची. बुवांनी कारण विचारलं तेव्हा परिचारिकेने सांगितलं की सुरुवातीला ती आत बसायची, पण ती आली की आकडा हटकून चढायचा. भिंतीतली केतकी बोलली की हटकून उतरायचा. तसं दोन-तीनदा झालं, गुंगीचं औषधही सुटलं, आणि कुणीतरी तिला चांगुलपणाने सुचवलं की तुम्ही जरा बाहेरच बसलात तर आईंना बरं पडेल.

पुष्पाताई जाग्या असल्या की अधूनमधून एक वाक्य बोलायच्या. "केतकी, येऊ का गं मी?" लगेच भिंतीतून उत्तर यायचं, केतकीच्याच आवाजात, मायेने ओथंबलेलं: हो आई, ये की, घरी सगळं तयार ठेवलंय. आकडा सरसर उतरायचा. थोड्या वेळाने त्या पुन्हा विचारायच्या. परिचारिका म्हणायच्या, बिचारीला घरी जायचंय. बुवांनाही तसंच वाटलं. ते त्यांच्याशी घराबद्दल बोलू लागले, अंगण केवढं, तुळस कुठे, शेजारी कोण. पुष्पाताई त्यांच्याकडे जरा नवलाने बघायच्या आणि उत्तरं द्यायच्या. बुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. बाहेर जाऊन केतकीला सांगितलं की आईला घरी यायचंय. तिने धावपळ करून घरी तशी खाट आणवली, रुग्णवाहिका ठरवली. डॉक्टरांनी तपासून नाही म्हटलं, वाटेतच काहीतरी होईल म्हणाले. केतकी पुन्हा बाकावर येऊन बसली, आणि बुवांना वाटलं आपण एवढं करूनही बाईंची इच्छा अपुरीच राहणार.

त्या दिवशी दुपारी बुवा उठले, उपरणं सावरलं आणि रोजच्या सवयीने म्हणाले, "येतो, पुष्पाताई."

"या," पुष्पाताई म्हणाल्या. मग डोळे न उघडताच हसल्या. "बघा, तुम्ही विचारलंत, मी या म्हटलं. झालं का नाही? मी कधीची विचारतेय, तर कुणी खाट आणतंय, कुणी गाडी."

बुवा दारातच थबकले.

मंडळी, आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून पोराच्या तोंडून निघालं तर आजी ओरडते, येतो म्हण. आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं असतं, त्याशिवाय निघणाऱ्याचा पाय उचलत नाही. पुष्पाताई निरोप मागत होत्या. घरी नव्हतं जायचं त्यांना. जायचं होतं. यंत्राला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून ते चुकलं. पण बुवांचा सगळा जन्म शब्दांवर गेलेला, दिवसातून दोनदा तेच वाक्य त्याच दारात ते स्वतः बोलत होते, आणि तरी चुकले. त्या विचारत होत्या तेव्हा हे मनातल्या मनात उत्तर जुळवत होते.

बुवा परत येऊन बसले. एकदा त्यांच्या ओठांवर आलं होतं की आपणच म्हणावं, या, पुष्पाताई. पण पुष्पाताईंनी त्यांना विचारलं होतं कुठे? बुवांनी एवढंच विचारलं, की भिंतीतली केतकी तर रोज ‘ये’ म्हणते, मग?

"आवाज तिचाच आहे, गोड लागतो," पुष्पाताई म्हणाल्या. "अंग ऐकतं त्याचं. मी नाही ऐकत." मग म्हणाल्या, की झोप फार वाढलीय आताशा. खऱ्या केतकीला विचारायचं राहिलं आणि मधेच झोप लागून गेली तर काय करायचं, ते सांगा.

बुवा थेट मुजावरबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की भिंतीतला आवाज बंद करायचा तर घरच्यांची संमती लागेल. गुंगीच्या औषधाची कळ आपोआप न सुटता आपल्या हातात घ्यायचीही सोय आहे, ती त्या स्वतः घेऊन बसतील, दुखण्याच्या औषधाला कुणी हात लावणार नाही. पण आकडा चढेल. बुवांच्या परीक्षेच्या आलेखात तो तसाच नोंदला जाईल, आणि परीक्षक आलेख बघतात, गोष्ट ऐकत नाहीत. बुवा म्हणाले, चढू दे. बाई म्हणाल्या, आणखी एक. खोलीत तुम्ही बसाल, पण तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. बुवांना आकड्यापेक्षा ही अट जड गेली, तरी त्यांनी मान हलवली.

केतकीने पहिल्या दिवशी त्यांना उडवून लावलं. ती म्हणाली, मी दिवसभर दुधाची फॅट तपासते, दूध कसं आहे ते मी चव घेऊन सांगत नाही, आकडा बघून सांगते. आणि मी आत गेले की आईला त्रास होतो हे माझं म्हणणं नाही, तुमच्याच यंत्राचं आहे. बुवांनी चहा आणून दिला, तो तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा चहा घेऊन बाकावर. उत्तररंगाला उभं राहण्याआधी आपली छाती कशी धडधडायची ते त्यांनी सांगितलं. तेव्हा कुणी हा आकडा काढला असता तर नव्वदच्या पुढे गेला असता, आणि कुणी दया येऊन गुंगीचं औषध दिलं असतं तर आपण आयुष्यात एक कीर्तन केलं नसतं. "तुम्ही आत गेल्यावर तुमची आई तुमच्याशी बोलायला उठून बसते, केतकीताई. आकडा त्याचा चढतो."

केतकीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बुवा, तुम्हाला शेवट गोड करायचाय. तुमच्या कथेत लेक येते, आईच्या पायांवर डोकं ठेवते, आई समाधानाने डोळे मिटते, आणि लोक रडतात. माझ्याच्याने तसं नाही व्हायचं. मी तिच्याशी धड बोलू शकत नाही. माझ्यापेक्षा माझा आवाज बरा आहे."

बुवांना हे वर्मी लागलं, कारण त्यांच्या मनात नेमका तोच शेवट होता. पायांवर डोकंसुद्धा. पण माणूस जिद्दीचा. ते तिसऱ्या दिवशीही आले. या वेळी त्यांनी काहीच पटवून दिलं नाही. चहा दोघांच्या मध्ये ठेवला आणि बसून राहिले. शेवटी केतकीनेच विचारलं की आई नक्की काय म्हणते, शब्द काय आहेत तिचे. आजवर तिला कुणी ते सांगितलंच नव्हतं. ‘घरी जायचं म्हणते’ एवढंच तिच्या कानावर आलं होतं.

"येऊ का गं मी, असं म्हणतात," बुवा म्हणाले.

केतकीने चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, तसाच पिऊन टाकला. मग पडद्यावर अंगठा टेकवून संमती दिली आणि पडदा पालथा घालून बाकावर ठेवून दिला.

त्या दुपारी खोलीत चौघंच. मुजावरबाई सलाईनपाशी, कळीवर हात ठेवून. बुवा कोपऱ्यातल्या खुर्चीत, जीभ टाळूला. भिंतीतली जाळी मुकी. पुष्पाताईंनी डोळे उघडले.

"आलीस?"

"आले."

"भिंतीतनं का दारातनं?"

"दारातनं," केतकी म्हणाली आणि खाटेच्या कडेवर टेकली.

आकडा चढायला लागला. साठ, सत्तर. पूर्वी याच टप्प्यावर भिंत बोलायला लागायची. आता कुणीच बोललं नाही. दोन दृष्टान्त बुवांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसले होते, दोन्ही चपखल. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मुजावरबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"केतकी," पुष्पाताई म्हणाल्या, "येऊ का गं मी?"

केतकीने आईचा हात हातात घेतला. खाली बघितलं. मग वर बघितलं.

"नाही."

बुवांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या कुठल्याही उत्तररंगात हे नव्हतं. आपण या दोघींना कुठे आणून सोडलं, असं त्यांना झालं.

"नको येऊस," केतकी म्हणाली. मग तिचं तिलाच कळेना. "म्हणजे, नको जाऊस. नाही म्हणजे नाही."

आणि पुष्पाताई हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या. "आत्ता माझी लेक बोलली. ती भिंतीतली मेली, कधी विचारा, हो आई, हो आई. तू जन्मात कधी पहिल्या फटक्याला हो म्हणालीस?"

केतकीलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्याला धरून रडू. ती आईच्या उशीत तोंड खुपसून रडली. पुष्पाताईंचा हात जड झालेला, तरी त्यांनी तो तिच्या केसांवर नेऊन ठेवला. मग लहानपणीचं निघालं. मुक्कामी गाडी असली की त्यांना रात्र परगावी काढावी लागे. निघताना त्या म्हणायच्या, येते गं केतू, आणि ही दाराआड उभी राहून तोंड घट्ट मिटून घ्यायची. आपण ‘ये’ म्हटलं नाही तर एस.टी. सुटणारच नाही, अशी तिची समजूत होती.

"सुटायचीच नाही," पुष्पाताई म्हणाल्या. "डेपो मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या मी, पण तू ये म्हटल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकला. शेजारीण म्हणायची, काय पोरीचे लाड." मग हळूच म्हणाल्या, "बरं. थांबते. पण फार ताणू नकोस. दमलेय गं."

हे सगळं चाललेलं असताना आकडा किती होता, असं तुम्ही विचाराल. बुवांनी पाहिला नाही. मुजावरबाईंनी नंतर सांगितलं की तो शेवटपर्यंत उतरला नाही, चांगला वरच होता. त्यांचा हात कळीवर होता. त्यांनी ती दाबली नाही. बाहेर पडल्यावर बुवांनी आपल्या मनात शेवट कसा ठरला होता ते त्यांना सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचा उत्तररंग आपण लावायचा नसतो, बुवा. आपण फक्त दिवा धरायचा." कीर्तनं त्यांनीही पुष्कळ ऐकली असावीत.

त्यानंतर केतकी आतच असायची. भिंतीतला आवाज पुन्हा कुणी सुरू केला नाही. दोघी बोलायच्या, भांडायच्याही. एकदा कुठल्याशा वरणात गूळ घालायचा की नाही यावरून इतकी जुंपली की परिचारिका घाबरून मुजावरबाईंना बोलवायला धावली. पुष्पाताईंची झोप वाढतच गेली, पण ती आता आजाराची झोप होती. बुवा रोज दारातून डोकवायचे. पुष्पाताई त्यांना हाताने आत बोलवायच्या किंवा हातानेच बाहेर घालवायच्या, आणि दोन्हीत त्यांना सारखीच गंमत वाटायची.

बुवांना तोवर दुसरी खाट मिळाली होती. तिथे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की इथे देवाचं नाव काढायचं नाही. बुवा रोज त्यांच्यापाशी देवाचं नाव न काढता बसत. देव तेवढ्याने रागवायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी प्राध्यापकांकडे जाताना पुष्पाताईंचं दार अर्धवट उघडं दिसलं. आतून केतकीचा आवाज येत होता, खालच्या पट्टीत, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. बुवांचे पाय थांबले. मंडळी, आयुष्यभर कथा सांगितलेला माणूस तो. आत शेवट चाललाय हे त्याला कळणार नाही का? कान त्या दाराकडे ओढ घेत होते. बुवा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी ते दार अलगद ओढून घेतलं आणि पुढे गेले. प्राध्यापकांनी विचारलं, आज तुम्हाला काय झालंय. बुवा म्हणाले, काही नाही, बसतो जरा.

दिवेलागणीला केतकी व्हरांड्यातल्या नळावर तोंड धूत होती. बुवा दिसताच तिने ओला हात ओढणीला पुसला.

"म्हटलं मी," ती म्हणाली.

बुवांनी मान हलवली. काय म्हटलं, कसं म्हटलं, आईने विचारल्यावर की आपणहून, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. दोघं तशीच नळापाशी उभी राहिली. तेव्हा आत काय बोलणं झालं ते बुवांना माहीत नाही, म्हणून मलाही नाही.

परीक्षकांनी बुवांचा आलेख पाहिला, माना हलवल्या आणि त्यांना नापास केलं. शेरा असा दिला की सोबत्याच्या उपस्थितीत रुग्णाची तळमळ वाढली. मुजावरबाईंनी लांबलचक हरकत लिहून दिली, तिचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. बुवांनी पुन्हा पहिल्यापासून नाव घातलं. नव्या पोरांच्या पहिल्या ओळीत, उपरणं सावरून, मांडी ठोकून बसले. मुजावरबाई वर्गात आल्या, त्यांना बघून एक क्षण थांबल्या, आणि शिकवायला लागल्या.

झाली गोष्ट. आता माझं एक मागणं आहे. पुष्पलताबाईंची आठवण ठेवा असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाची आठवण लोक आपसूक ठेवतात, तसबिरीला हार घालतात, वर्षश्राद्धाला चार माणसं जेवू घालतात. ‘ये’ म्हणणारं माणूस मात्र दारातच राहून जातं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपली ही गोष्ट पुढच्या काळातली. म्हणजे केतकी आज आठ-नऊ वर्षांची असेल. कुठल्यातरी घरी दाराआड उभी असेल, आई ड्युटीवर निघाली असेल, आणि ही तोंड घट्ट मिटून बसली असेल. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा तिची आठवण असू द्या.